कच्चा जोड

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चिनी मातीच्या वाट्या घासण्याचं. टेलिफोनच्या खांबावर ज्यांना तार बांधतात, त्या वाट्या. साठ-बासष्टची गोष्ट. मी लाईनमन होतो, आमच्या धानोऱ्याहून नंदुरबारला जाणारी तार माझ्याकडे. उतरवलेल्या मळक्या वाट्या मी घरी आणायचो, बायको राखेनं घासून द्यायची. त्या सकाळी एक वाटी उलटीपालटी करून म्हणाली, "येस्नामा चहा कसा पेवाना? बूड ते शेच नही."

"सरकारना चहा शे तो. तारवरथून जास."

"मंग साखर बी धाडा म्हना तुम्हना सरकारले."

दुपारी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. बघता बघता डोळे खोल गेले, पायांत गोळे यायला लागले. गावात डॉक्टर नव्हता. माझा चुलतभाऊ बैल घेऊन दारात उभा राहिला. "भाऊ, गाडं जुपू का?"

"नको. गाडामा तिन्हा हाडं खिळखिळा व्हतीन. मी नंदुरबारले फोन करस. डाक्टरनी जीप तासभरमा ई जाई."

त्याला गाडं सुचलं, मला तार सुचली.

पोस्टात जाऊन फोनची दांडी फिरवली. पलीकडून हूं नाही की चूं नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "सकाळपासून मुकाच आहे." तेव्हा तरी गाड्याला हो म्हणायचं होतं. नाही म्हटलं. माझी तार, बिघाड मीच काढीन, हा माज. हत्यारं घ्यायला घरी आलो तर ती म्हणाली, "आठे बठा ना जराखं."

म्हटलं, आलोच.

चार-पाच खांब गेले की एकावर चढायचो, तपासणीचा फोन तारेला चिमटवायचो. मुकाच. उतरताना पाय सटकायचे. मागे वळून गावाकडे बघायचो, कोणी हाका मारत पळत येतंय का. कोणी दिसत नव्हतं. त्यानं बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की जास्तच भ्या वाटायचं.

नाल्यापलीकडच्या खांबावर नंदुरबार बोललं. अलीकडच्यावर नाही. मधे एक जोड होता. दोन टोकं शेजारी धरायची, वरून बारीक तार घट्ट गुंडाळायची आणि शेगडीवर कथील वितळवून त्याचा डाख द्यायचा, ही रीत. इथं डाखच नव्हता. आत गंज धरला होता. जोड माझाच. तो केला त्या दिवशी वारा होता, शेगडी पेटेना. म्हटलं, पुढच्या खेपेला देऊ. ती खेप मी केलीच नव्हती.

गंज खरवडून पुन्हा गुंडाळला. दवाखान्यात निरोप पोचला, जीप निघाली. मी पळत घरी आलो तेव्हा शेजारची काकू तिचं तोंड पुसत होती. डोळे काकूनंच मिटवले होते.

जीप नंतर आली. चुलतभाऊ बोलला, "गाडं कव्हयच पोची जातं." खरं तेच बोलला.

दिवस मावळायच्या आत अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी, कोळसे आणि कथील घेऊन निघालो. काकू ओरडली, "सुतकमा कामले चालना! आज तरी बठ रे, दगड!" बसलो नाही. गावापासून एकेक जोड हातानं ओढून पाहिला. आणखी दोन कच्चे निघाले. दोन्ही माझेच. डाख दिला आणि पुढच्या खांबाकडे गेलो.