पांढऱ्या टपाच्या वृंदाताई

कानात कापसाचे बोळे आणि मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा घेऊन वृंदाताई ओरडत होत्या, "अरे, ढकल की त्याला!" ब्रेडा या डच शहराजवळच्या स्टॉक कार शर्यतीच्या ट्रॅकवर झालेली ही आमची पहिली भेट. मराठी ऐकून मी वळले, तर ओळखदेख नसताना त्यांनी डबाच पुढे केला. मला त्यांचा लळा लागला तो तिथूनच.

ट्रॅक मला त्यांनीच शिकवला. "अगं, इथे बीटाचं शेत होतं. मालकाने गावातल्या पोरांना भंगार गाड्या पळवायला दिलं. आधी राख पसरली, मग डांबर आलं." नवख्यांच्या गाडीचा टप पांढरा, मधल्यांचा निळा, तरबेजांचा लाल, आणि शर्यत सुटताना लाल टपवाले सगळ्यांत मागे उभे राहतात. "शाळेत हुशारांना असं मागे ठेवलं असतं ना, तर गणितात मीही पहिली आले असते!" इथे धक्का मारायला चक्क परवानगी असते, याचं त्यांना भारी अप्रूप.

नवऱ्याच्या, म्हणजे अनंतरावांच्या, नोकरीमागे त्या तीस वर्षांपूर्वी इथे आल्या. आता दोघं कायमची पुण्याला निघाली होती. जाण्याआधी एक तरी शर्यत स्वतः पूर्ण करायची, असं ताईंनी मनावर घेतलं. यान नावाच्या शेजाऱ्याने आपली शर्यतीची जुनी गाडी दिली.

"बासष्टाव्या वर्षी हे काय खूळ?" अनंतराव वैतागले.

"अहो, पुण्यात गेल्यावर गाडी ठोकायला कोण देणार आहे मला?"

हेल्मेट बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. शर्यत सुरू झाली आणि बाईंनी काय करावं? मागून गाडी आली की बाजूला होऊन हाताने 'जा, जा' करत वाट द्यायची! "अहो ताई, हा काय लक्ष्मी रस्ता आहे का!" मी घसा फोडून ओरडले. तेवढ्यात एका निळ्या टपाच्या गाडीने त्यांना कुंपणावर नेऊन आदळलं. इंजिन बंद. अनंतरावांनी माझा दंड असा आवळला की वळ उठले.

मग गाडी घरघरली. शेवटच्या फेरीत तीच निळी गाडी आडवी आली. ताई बाजूला झाल्या नाहीत. सरळ धडकल्या, तिला ढकललं आणि शेवटून दुसऱ्या आल्या.

उतरल्या त्या हुंदके देतच. "लागलं का गं?" म्हणत अनंतराव धावले. ताईंनी माझा हात धरला.

"तीस वर्षं या देशात सगळ्यांना सॉरी म्हणत जगले गं. दुकानात सॉरी, डॉक्टरकडे सॉरी, लेकीच्या शाळेत सॉरी. आज ठोकलं, आणि सॉरी नाही म्हटलं."