जिनदत्तआण्णांचा संगमरवरी ओटा

सांगलीच्या बाजारात जिनदत्तआण्णा मगदुमांच्या हातात हळकुंड दिलं, की ते आधी कानाशी नेऊन मोडत. मोडल्याचा आवाज ऐकत, मोडलेली बाजू उजेडाकडं धरत, आणि मग सांगत, "जमिनीतल्या पेवात पाणी शिरलंय. ह्या मालाला आमी हात लावत न्हाई." त्यावर कुणी वाद घालत नसे. परगावचे व्यापारी आण्णांच्या पेढीवर येत ते त्या एका कानासाठी.

हळद सोडून जगातली दुसरी कुठलीही वस्तू निवडायची वेळ आली, की मात्र आण्णांना घाम फुटे. टोपी घ्यायला गेले, की शेजारचं गिऱ्हाईक कोणती उचलतंय हे तिरप्या नजरेनं बघून तीच मागत. थोरल्या मुलीच्या बारशाला आलेल्या बायकांनी सुचवलेली सगळी नावं त्यांना एकदमच पसंत पडली. त्यामुळं ती बिचारी लग्न होईपर्यंत 'बाळी'च राहिली, आणि शेवटी सासरच्यांनी नाव ठेवलं.

लढाई संपून पलटणी परत यायला लागल्या, त्या वर्षी आण्णांच्या बायकोचे, गुणमालावहिनींचे गुडघे धरले. चुलीपुढं बसलेल्या वहिनींना उठवायला दोन बायका लागायच्या. डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले आणि औषधाआधी हुकूम दिला, "खाली बसणं बंद. स्वयंपाक उभ्यानं करा."

उभ्यानं स्वयंपाक म्हणजे ओटा आला. त्या काळी आमच्या पेठेत उभ्याचा ओटा कुणाकडं नव्हता. तेव्हा ही बातमी त्याच दिवशी पेठभर झाली.

"आवं, बांधा पटकन," वहिनी म्हणाल्या. "वर दगड कसलाबी टाका. फक्त खिडकीकडं तोंड करा, म्हंजे मला दिसंल."

"कसलाबी?" आण्णा म्हणाले. "अगं, लोक बघायला येणार. कसलाबी टाकून कसं चालंल?"

दुसऱ्या दिवसापासून पेढीवर दगडाची चौकशी सुरू झाली. हळदीची पोती बाजूला सारून माणसं ओट्यावर बोलायला बसू लागली. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात भाकरी थापली नव्हती, त्यामुळं बोलायला सगळे मोकळे होते.

पहिलं मत दिलं मदननं. मदन आण्णांचा चुलतभाऊ, बँकेत कारकून. साहेबाच्या घरी जे असेल ते जगात उत्तम, असा त्याचा साधा हिशेब होता. "साहेबांच्याकडं काळा कडाप्पा हाय," तो म्हणाला. "तेल लावून पुसला की आरशागत चमकतो. साहेब त्यात भांग बघतात."

"स्वयंपाकघरात?" कुणीतरी विचारलं.

"साहेब कुठंबी बघतील," मदन म्हणाला. एवढ्यावर आण्णांनी कडाप्पा नक्की केला.

तो बेत संध्याकाळच्या जेवणापर्यंत टिकला. आण्णांची थोरली बहीण आक्काताई माहेरीच राहायची. घर जैनाचं, त्यामुळं पाणी गाळून भरलंय का, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली का, यावर तिची नजर असे. कडाप्पा म्हटल्याबरोबर तिनं हातातला घास खाली ठेवला.

"अरं आण्णा, काळ्या दगडावर काळी मुंगी दिसंल व्हय तुला? न बघता तिच्यावर तवा टेकला तर ते पाप कुणाच्या माथी? तुझ्या का साहेबाच्या?"

पाप साहेबाच्या माथी मारायची सोय नव्हती. कडाप्पा गेला.

मग कुणी सागवानी फळी सुचवली. ती जळते म्हणून गेली. कुणी कराडकडचा घडीव काळा दगड सुचवला, तो मुंगीच्याच कारणानं गेला. गुंडा नावाच्या हमालानं पोतं उतरवता उतरवता शहाबादी फरशीचं नाव काढलं, तेव्हा सगळी पेढी हसली.

"शहाबादी तर रेल्वेच्या फलाटावर असतीया," मदन म्हणाला. "वहिनींनी काय गाडीची वाट बघायची हाय का?"

आण्णाही हसले. मनातून त्यांना शहाबादीचा विचार बरा वाटला होता, पण सगळे हसताना एकट्यानं गप्प राहणं त्यांना जमलं नाही.

अशातच पलूसकडून सुभेदार लालासाहेब आले. लालासाहेबांचा मळा मोठा आणि हळद दरसाल आण्णांच्याच पेढीवर उतरायची. गडी सहा फूट उंच, छाती पुढं, इटलीची लढाई करून नुकताच परतलेला. पोत्यावर बसतानासुद्धा ताठ बसायचा.

"दगड?" सुभेदार म्हणाले. "आवं आण्णा, इटलीत आमी डोळ्यांनी बघितलंय. ओटा असावा तर संगमरवराचा! पांढरा सफेद. भर उन्हाळ्यात हात ठेवला तर थंडगार. एका गावात आमची पलटण उतरली, तितं असा ओटा बघितला, गड्या, मी तर सलाम ठोकला त्याला."

इटलीपुढं बँकेचा साहेब कुठं टिकणार? पांढरा म्हणजे मुंगी दिसणार, त्यामुळं आक्काताईही राजी. संगमरवर ठरला आणि मुंबईहून मागवला.

दगड स्टेशनावर उतरला तेव्हा बैलगाडीत गवत पसरून त्याला नवरीसारखा घरी आणला. वाटेत लोक थांबवून हात लावून बघत. "हे काय, देवळात बसवणार?" एकानं विचारलं. "चुलीपाशी," आण्णा म्हणाले. विचारणाऱ्यानं सवयीनं हात जोडले.

धुळा गवंडी ओट्याचं बांधकाम काढायला आला, तेव्हा मदन आणि सुभेदारही मुद्दाम हजर होते. दोरी, ओळंबा काढून त्यानं विचारलं, "उंची किती धरू?"

आण्णांनी मदनकडं बघितलं. मदननं सुभेदारांकडं बघितलं. इतके दिवस दगडाचा रंग, चमक, थंडपणा, परदेशातला मान असं सगळं बोलून झालं होतं. उंचीचा विषय कुणी काढलाच नव्हता. लालासाहेब पुढं झाले, भिंतीशी सावधानमध्ये उभे राहिले आणि दोन्ही हात भाकरी थापल्यासारखे हवेत धरून म्हणाले, "अशी. आरामशीर."

धुळानं त्या हातांखाली कोळशाची रेघ मारली.

गुणमालावहिनी तेव्हा पलीकडं जमिनीवर बसून या सगळ्या मंडळींसाठी उप्पीट करत होत्या. त्यांना हाक मारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उप्पीट मात्र सगळ्यांनी दोनदा घेतलं.

ओटा तयार झाला. पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहून वहिनी त्याच्यापुढं उभ्या राहिल्या, आणि ओट्यावरून फक्त त्यांचं कुंकू, डोळे आणि नाक दिसू लागलं. वहिनी मुळात ठेंगण्या. काठवटीत पीठ मळायला हात वर करावे लागत होते, टांगलेल्या शिंक्यातून काही काढावं तसे.

"खाली पाट घे," आण्णा म्हणाले.

एक पाट घेतला. पुरला नाही, म्हणून त्यावर दुसरा ठेवला. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पाटांवर चढायचं, भाकरी थापायची, उतरून पीठ घ्यायचं, पुन्हा चढायचं. दुपारपर्यंत वहिनींची दहा वेळा देवळाची टेकडी चढून झाल्यासारखी गत झाली. त्यातच घाईत हळदीचा डबा कलंडला. ओल्या संगमरवरावर हळद सांडली. पुसायला गेल्या तशी पसरली. आक्काताईनं सांगितलं म्हणून लिंबू चोळलं, तर डाग तसाच राहिला आणि लिंबू लागलेल्या जागेची चकाकी उडाली.

आण्णा पेढीवरून आले, डाग बघितला आणि मटकन पाटावर बसले. ज्या हळदीवर त्यांचं घर चाललं होतं, ती आपल्या घरात अशी वागेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"उद्यापासनं ह्याच्यावर काय ठेवायचं न्हाई," ते म्हणाले. "हळद न्हाई, लिंबू न्हाई, चिंच न्हाई, तापलेलं भांडं न्हाई."

"मग स्वयंपाक?" वहिनींनी विचारलं.

आण्णांनी पुष्कळ विचार केला. "तो तू खालीच करत जा," ते म्हणाले.

अशा रीतीनं ओट्यावर पांढरी चादर अंथरली गेली आणि वहिनी पुन्हा जमिनीवर आल्या. बघायला येणारी माणसं मात्र कमी होईनात. पाहुणे आले की आण्णा चादर उचलून दाखवत, डागावर हळूच तांब्या ठेवत. पाहुणे "वा!" म्हणत, आणि वहिनी दोन बायकांच्या आधारानं चुलीपासून उठून त्यांना कॉफी देत.

एक दिवस सुभेदार जेवायला आले. पंगतीत मदन होता, पलीकडं आक्काताई बसली होती. सुभेदार आपल्या निवडीवर खूश होते. घास घेता घेता म्हणाले, "आण्णा, तंतोतंत तसाच झालाय बघा. फक्त इटलीत तितं वर लोखंडी आकडं हुतं."

"आकडं?" आण्णांनी कौतुकानं विचारलं. "भांडी टांगायला?"

"भांडी कशाला? बकरी टांगायला. खाटकाचंच दुकान हुतं की ते. दगड थंड ऱ्हातो न्हवं, म्हंजे मटण टिकतं."

पंगतीत कुणाचा हात हलेना. आक्काताई ताटावरून उठली ती सरळ देवघरात गेली. सुभेदारांना आपलं काय चुकलं ते कळेना. ते बिचारे एकटेच भात कालवत राहिले.

"म्हंजे लाला," आण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "तुमी सलाम ठोकला तो..."

"तवा आमाला लय भूक लागल्याली हुती, आण्णा," सुभेदार म्हणाले.

त्यानंतरचे दिवस आण्णांनी फार कष्टात काढले. मदन म्हणाला, हा दगड राजपुतान्यातला, याचा इटलीशी संबंध नाही, तेव्हा दोष नाही. ते आण्णांना पटलं. आक्काताई म्हणाली, दगड शुद्ध असेल, पण कल्पनाच खाटकाची. तेही पटलं. सकाळी ओटा पाडायचा ठरे आणि जेवणानंतर ठेवायचा ठरे. धुळा गवंडी हत्यारं घेऊन येई आणि कॉफी पिऊन परत जाई.

शेवटी एका सकाळी वहिनींनी काठवट उचलली, ज्वारीचं पीठ आणि पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या पिशवीत घातला आणि टांगा बोलावला.

"कुठं चाललीस?" आण्णांनी विचारलं.

"दगड बघाय."

"मी येतो. मदनला बोलवतो. सुभेदार आज बाजारातच..."

"तुमी या," वहिनी म्हणाल्या. "टांग्यातच बसा."

स्टेशनाजवळ दगडाची वखार होती. तिथं फरश्यांच्या थप्प्या होत्या, कुठं गुडघ्याएवढ्या, कुठं कमरेएवढ्या. वहिनी एकेका थप्पीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. कमरेच्या जरा खाली येणारी शहाबादीची एक थप्पी सापडली, तशी त्यांनी तिच्यावर काठवट ठेवली, पीठ मळलं आणि भर वखारीत भाकरी थापायला सुरुवात केली.

हमाल गोळा झाले. एक टांगेवाला घोडा सोडून बघायला आला. "बाई, चूल बी हाय काय संगं?" कुणीतरी म्हणालं. वहिनींनी मान वर केली नाही. थाप, थाप, थाप. कोपर मोकळं चालत होतं, पाठ वाकत नव्हती, काठवट हलत नव्हती. भाकरी पुरी झाली तेव्हा त्या जागच्या जागी उभ्या राहून रडायला लागल्या. कितीतरी महिन्यांनी कळ न येता त्यांची एक भाकरी झाली होती.

टांग्यात आण्णा उपरण्यानं तोंड झाकून बसले होते. बायको रडतेय हे दिसल्यावर मात्र ते उतरले. त्यांनी थप्पीवरची फरशी बोटानं वाजवली, कान जवळ नेला. त्यांना काहीही कळलं नाही.

"ही फलाटावर असतीया," ते हळूच म्हणाले.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "फलाटावरबी माणसं उभीच असत्यात."

धुळानं जुना ओटा उतरवला आणि वहिनींच्या कोपराखाली नवी रेघ मारली. वर शहाबादी बसली, करडी, मुंगी दिसेल अशी. तिच्यावर हळदीचा डाग पडला तर वहिनी बघत आणि पुढचं काम करत. खिडकीकडं तोंड करायचं तेवढं या खेपेलाही राहून गेलं. ते लक्षात आलं तेव्हा फरशी घट्ट बसली होती. वहिनी कपाळाला हात लावून हसल्या.

संगमरवर पेढीवर गेला. पांढऱ्याफेक दगडावर मोडलेलं हळकुंड असं काही पिवळंधमक दिसायचं, की साधारण मालसुद्धा अव्वल राजापुरी हळद वाटे. आण्णांचा धंदा वाढला आणि आपण दगड मागवला तो पेढीसाठीच, असं ते सांगू लागले. सांगता सांगता त्यांचा त्यावर विश्वासही बसला.

ओट्याचे तर ते जाणकारच झाले. कुणी घर बांधायला काढलं, की आण्णा त्याला घरी आणून शहाबादीचे गुण तासभर समजावत, ओट्यापाशी उभे राहून, हात फिरवून. एकदा असंच व्याख्यान रंगात आलं असताना ओट्यावरच्या चुलीवर दूध होतं. वहिनी पाठीमागं खुर्चीवर गुडघे शेकत बसल्या होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "तितं उभं हायसा तर पळी घ्या हातात. खाली लागंल दूध."

आण्णांनी पाहुण्यांकडं बघितलं. खाली बसायचं असतं तर कंबर धरली म्हणता आलं असतं. पण ओटा उभ्याचा होता आणि तो किती सोयीचा आहे हे त्यांनी नुकतंच तासभर सांगितलं होतं. त्यांनी पळी घेतली.

"कुठल्या बाजूनं हलवू?" त्यांनी विचारलं.

पाहुणा म्हणाला, उजवीकडून. आक्काताई देवघरातून म्हणाली, डावीकडून. आण्णांना दोन्ही पटलं, आणि दूध उतू गेलं.