ताट पडलं, पण ईरा वळली नाही

मैत्रिणींनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी ईरा पुढच्या महिन्यात वर्षाची होईल. रांगते, धरून उभी राहते, खुदकन हसते. फक्त हाक मारली की बघत नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोर शांत शे. तिना बाप बी असाच व्हता." मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

आज माझ्या हातून स्टीलचं ताट तिच्या मागेच फरशीवर पडलं. शेजारच्या काकू दचकून दारात आल्या. ईरा खेळतच राहिली.

सासूबाईंनी ताट उचलून तिच्या पाठीमागे चमच्याने वाजवलं. एकदा, दोनदा, मग खूप जोरात. मग ताट खाली ठेवून म्हणाल्या, "चाल, आत्तेच दवाखानामा जाऊ."

देवपूरच्या डॉक्टरांनी कानांची तपासणी लिहून दिलीय. परवा आहे. तोवर काहीच सांगता येत नाही म्हणाले.

परतताना रिक्षात सासूबाई रडल्या. "मन्हंच चुकनं." मी त्यांचा हात धरला, कारण शंका मलाही दोन महिन्यांपासून होती आणि मी कोणाजवळच बोलले नव्हते.

बाळाबद्दल अशी शंका आल्यावर तुम्ही किती दिवस गप्प राहिलात?