नळावरच्या मावशी

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दरवर्षी डॉक्टर तपासणीला येतात, त्याआधी औषधाचा धोका कुणाकुणाला आहे याची यादी मी करतो. बियाण्याला कीड लागू नये म्हणून लालभडक औषध लावतात. त्या यंत्राजवळ जे उभे, ते यादीत. इतकी सोपी माझी पद्धत.

शेडमागच्या नळावर एक मावशी यंत्रावरच्या माणसांचे कपडे धुवायच्या. हातात मोजे नाहीत, कोपरापर्यंत हात गुलाबी. भिजवण्याआधी एकेक कपडा जोरात झटकायच्या, शेतातून आणलेला झटकावा तसा.

"मावशी, मेंदी कुणाच्या लग्नाची?" पोरं चिडवायची.

"तुझ्याच की, मुडद्या! पण पोरगी कोण देतंय तुला?"

जेवताना मात्र तीनदा साबणानं हात घासून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेचा ठेवायच्या.

एकदा मी यादी लिहीत होतो.

"सायेब, माझं नाव घेतलं का? हात लई आग करून राह्यलेत."

"मावशी, तुम्ही तर पाण्यात असता. तुम्हाला कशाचा धोका?"

"आसं व्हय? मंग बराबर," म्हणाल्या आणि पुन्हा कपडे झटकू लागल्या.

मला माहीत होतं. त्या झटकत असल्या की औषधाची धूळ उडून माझेच डोळे चुरचुरायचे, म्हणून मी लांबून जायचो. पण त्या ठेकेदाराकडून कामाला आलेल्या, कंपनीच्या नव्हेत. नाव घातलं तर मोठे साहेब विचारणार, आधी का नव्हतं? त्या एका प्रश्नाला मी तीन वर्षं भ्यालो.

मग मावशी यायच्या बंद झाल्या. दम लागतो म्हणून गावी गेल्या, असं कानावर आलं. परवा कुंभार पिंपळगावला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या हातांच्या भेगांवर खोबरेल चोळत राहिल्या.

"मला वाटलंच व्हतं," म्हणाल्या. "तुमी लांबून जायचे ना, तवाच."

मग खोबरेलाची वाटी बाजूला सारून त्यांनी विचारलं,

"आता नळावर कोण हाय?"

"नवीन बाई आहे एक."

"ती बी झटकून राह्यली का?"

"हो."

"मंग हितं काय बसलात? जल्दी जा की." पण चहा संपवल्याशिवाय उठू दिलं नाही.

सोमवारी यादीला बसलो. पहिलं नाव नव्या बाईचं, दुसरं मावशींचं. साहेबांनी विचारलंच, "हे आधी का नव्हतं?"

मी सांगितलं.