सतरंजी आणि तेवीस नावं

दादा, मी आयर्लंडला निघाले त्या सकाळी मुंबईची गाडी दारात घरघरत उभी होती आणि अण्णा माझी बॅग उघडून बसले होते. वजनकाट्यावर तोलून भरलेली बॅग! त्यांनी लोणच्याच्या दोन्ही बरण्या बाहेर काढल्या आणि देवळातली जुनी निळी सतरंजी आत कोंबली. चर्चला आपण देऊळच म्हणतो, हे इथे कुणाला सांगितलं की हसतात. मी कसली चिडले होते. "अण्णा, तिकडे खुर्च्या असतात," म्हटलं. ते म्हणाले, "आसूं दे गं. सतरंजी आंथरायची आधी, माणसं मागनं येत्यात." चाळीस वर्षं गावात पाळक म्हणून त्यांनी दुसरं केलं काय होतं? मग सगळ्यांना उभं करून प्रार्थना केली, ती इतकी लांबली की ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला. लोणच्याच्या रागात मी त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

दोन हजार वीसचा जानेवारी होता तो. अण्णांना वाटत होतं, लेक ख्रिस्ती मुलखात चालली, म्हणजे जणू माहेरीच. शाळेत पोरं आपल्याला "गोऱ्यांच्या देवाची" म्हणून चिडवायची, आठवतं ना? आणि इथे गोऱ्यांनाच त्या देवाचं नाव नको झालंय. ऑफिसातला एकजण म्हणाला, "चर्च? लग्नाला आणि मयताला, बस." आमच्या कोपऱ्यावरच्या दगडी चर्चचे फ्लॅट झालेत. इथल्या मराठी ग्रुपमध्ये मी रविवारच्या उपासनेचं बोलले, तर एक पुणेकर बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाही हं!" पण माणूस चांगलं. गणपतीत त्यांनीच मला मोदकांचा डबा घरपोच दिला. खरं सांगू, देवाचं नाव मोकळेपणानं घेणारी माणसं मला त्यांच्याच घरी भेटली.

उन्हाळ्यात पहिला लॉकडाऊन उठला तेव्हा डून लेरीला, समुद्राजवळ, आम्ही एक छोटा हॉल रविवारपुरता घेतला. आम्ही म्हणजे मी, माझे हे, सिटीवेस्टहून ट्राम आणि मग डार्ट, म्हणजे इथली लोकल, बदलत येणारं साळवे जोडपं आणि ग्रेस नावाची नायजेरियन नर्स. पाच माणसं. मास्क लावून, अंतर ठेवून सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर चौघं आणि मध्ये मी. हॉलची किल्ली ब्रीडाकडे असायची. सत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. दार उघडून द्यायची आणि उंबऱ्याबाहेरच थांबायची. आत ये म्हटलं की म्हणायची, "मी इथेच ग्रँड आहे, लव्ह." ग्रँड म्हणजे मजेत.

पहिल्याच रविवारी आपल्या सवयीनं आम्ही बूट-चपला दाराबाहेर काढल्या. उपासना संपली, बघतो तर एकही बूट नाही! साळवे म्हणाला, "घ्या, चपलाचोर इथंही पोचले!" आम्ही मोज्यांवर शोधाशोध करतोय, तर ब्रीडा हसत पुढे आली. पाऊस आला म्हणून तिनं सगळे बूट पॅसेजमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, हीटरशेजारी नीट लावून ठेवले होते. त्यानंतर दर रविवारी ती आमचे बूट सांभाळायची. आत मात्र कधी आली नाही.

आणि उपासना संपली की अण्णांचा फोन. "किती आले?" हाच पहिला प्रश्न. दादा, आता सांगते ते तू गावच्या मंडळीत वाचून दाखवायचं की नाही, ते तूच ठरव. मी खोटं बोलले. पाच म्हणायला जीभ रेटेना, म्हणून पहिल्यांदा म्हटलं दहा. पुढच्या रविवारी पंधरा. त्यांचा आवाज असा फुलायचा की मला थांबताच येईना. मग ते म्हणाले, "नावं दे सगळ्यांची. नाव घिऊन प्रार्थना करतो." आली का पंचाईत? मी ऑफिसच्या ईमेलमधली नावं दिली, दुकानातल्या बायकांच्या बिल्ल्यांवरची दिली. पॅडी, शॉन, सिनेड, जे सुचलं ते. आम्हा पाचांची आणि ब्रीडाचं धरून तेवीस झाली. ब्रीडाबद्दल तेवढं खरं बोलले, की ती दारातच उभी राहते.

हिवाळ्यात हॉल पुन्हा बंद झाला. आम्ही पाचजण स्क्रीनवरच्या पाच चौकोनांत गायचो, तेही सूर मागेपुढे. दर आठवड्याला मी ठरवायचे, आज अण्णांना खरं सांगायचं. म्हटलं, हॉल उघडू दे, मग सांगू.

एप्रिलमध्ये अण्णा कोरोनानं गेले. ज्या माणसानं अख्ख्या गावाला गीतं म्हणत पोचवलं, त्याला पीपीई किट घातलेल्या चार अनोळखी माणसांनी मातीत ठेवलं. तू लांबून मोबाईल धरला होतास आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून बघत होते. गीत नाही, वचन नाही. तोंड दाबून रडले मी, कारण भिंतीपलीकडे ह्यांची मीटिंग चालू होती.

ब्रीडाला ग्रेसकडून कळलं. ती आमच्या फाटकाशी आली, कठड्यावर घरचा ब्रेड ठेवला आणि तिथेच उभी राहिली. प्रार्थनेशिवाय पुरलं, एवढंच मी बोलू शकले.  मग ती म्हणाली, तिचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून फादरनी दफनभूमीत जागा दिली नाही. नवऱ्यानं एका खोक्यातून नेऊन शेताच्या कडेला पुरलं. त्या दिवसापासून तिनं चर्चची पायरी चढली नव्हती.

त्याच आठवड्यात तू अण्णांच्या बायबलमध्ये सापडलेल्या कागदाचा फोटो पाठवलास. त्यांच्या थरथरत्या अक्षरात तेवीस नावं. पॅडी, शॉन, सिनेड... आणि तू खाली लिहिलंस, "मंडळी अजून दर रविवारी ह्यांच्यासाठी प्रार्थना करते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेमध्ये हॉल उघडला. मी सतरंजी अंथरली आणि सगळ्यांना खरं सांगून टाकलं. मग ती यादी मोठ्यानं वाचली. सतरावं नाव वाचलं तसा दारातून ब्रीडाचा आवाज आला, "ते माझं नाव का?" त्या नावापुढे अण्णांनी लिहिलं होतं, "दारात उभी राहते. प्रभू, हिला आत आण." ते मी तिला इंग्रजीत सांगितलं. म्हटलं, माझे वडील रोज सकाळी तुझं नाव घ्यायचे.

 ब्रीडा भिंतीला धरून वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गुडघे साथ देईनात, तेव्हा मी जाऊन तिचे बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ग्रेसनं खुर्ची आणली, ती तिनं नको म्हटली. सतरंजीच्या काठावर बसली आणि माझ्या कानात म्हणाली, बाळाचं नाव तिनं ठेवलं होतं, पण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते नाव मी अण्णांच्या यादीखाली लिहून घेतलं. गावच्या मंडळीला एवढं सांग, की बाकीची नावं गाळली तरी चालतील, पण ब्रीडाचं आणि ह्या बाळाचं नाव ठेवा. नाव मी तुला फोनवर सांगेन.

आता मला कुणी घराचं विचारलं, तर ना आपलं अंगण आठवतं, ना ते नेहमीचं सगळं. आठवतो तो रविवारचा फोन. त्या दिवशीही उपासना संपल्यावर सवयीनं मोबाईल हातात घेतला. हॉलमध्ये सगळे बूट घालत होते, ब्रीडा तिचे कपाटात शोधत होती. मी बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "सहा आले, अण्णा. शप्पथ, सहा."