‘चिराग बढाव’चा अर्थ
आमच्या पाहुणचाराची एक गोष्ट तेरकडच्या भावकीत अजून सांगतात. लढाईच्या टंचाईत निजामाचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, मुक्कामाला आला, तर आमच्या ओसरीवर पहाटेपर्यंत कंदील जळत होता म्हणे. जळत होता, हे खरं. का जळत होता, हे तेव्हापासून ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.

घासलेट तेव्हा कंट्रोलवर मिळायचं. घरटी एक बाटली, तीही नशिबात असली तर. माणसं दिवस मावळायच्या आत जेवून घेत आणि मग अंधारात बसून सरकारला दुवा देत. स्वयंपाक तुराट्यांवर. त्यांचा धूर मात्र कंट्रोलवर नव्हता, हवा तेवढा मिळे.

थोरल्या वहिनीचे दिवस भरले होते. तिनं बाळंतपणासाठी एक बाटली कणगीमागं जपून ठेवली होती. तेवढ्यात गिरदावर लेव्हीची, म्हणजे गावानं सरकारला सक्तीनं घालायची, ज्वारी ठरवायला आला. मी उर्दूतून शिकलेला, म्हणून त्याच्या दिमतीला मी. उर्दूत मी पास झालो होतो. परीक्षकाला दया आली असावी.

दिवेलागणीलाच जेवून तो बाजेवर आडवा झाला आणि म्हणाला, “मियाँ, चिराग बढाव.”

बढाव म्हणजे वाढव. मी वात वाढवली. त्यानं डोळ्यांवर हात घेतला. “अरे भाई, बढाव ना.” मी आणखी वाढवली. तो करवादला. साहेबाला उजेड पुरेना, असं मी समजलो. कंदिलातलं तेल तळाला गेलं होतं, म्हणून आत वहिनीकडं गेलो.

“भावजी, तेवढीच हाय. सुईण म्हणती आज-उद्या.”

“साहेब खूश झाला तर गावाची लेव्ही कमी हुईल, वहिनी.”

“न्या मग. माझं काय, जाळाच्या उजेडात बी हुईल.”

सकाळी गिरदावर लाल डोळ्यांनी उठला. ‘बुझाव’ म्हणणं अशुभ, म्हणून दिवा विझवायलाच आम्ही ‘बढाव’ म्हणतो, हे तुझ्या उस्तादानं शिकवलं नाही का, असं त्यानं विचारलं. आमच्या घरी तरी दिवा कुठं विझवत होते? ‘शांत’ करत होते. एवढं माझ्या विद्वत्तेला सुचलं नाही. लेव्ही दाण्यानंही कमी झाली नाही. मी घरात सांगितलं, याहून जास्त पडणार होती, साहेबानं सोडली.

त्याच संध्याकाळी वहिनी बाळंत झाली. सुईणीला दिसावं म्हणून बायकांनी तुराट्यांच्या चुडी पेटवून धरल्या. मुलगी सुखरूप झाली, पण पेटती काडी पडून वहिनीचा हात पोळला. तो व्रण ती जन्मभर दाखवायची. “ह्यानं गावाची ज्वारी वाचली,” म्हणायची. मी शेजारी बसून मान डोलवायचो.

वहिनी गेल्यावर पुतणीला खरं सांगितलं. ती गॅसवर चहा करत होती.

“म्हंजे आई उगंच पोळली?”

“व्हय.”

“तिला का न्हाय सांगितलं?”

“तिला त्याचा लई अभिमान होता.”

“तिची काळजी होती, का तुमची, काका?”

तिनं चहा गाळला, माझ्यापुढं ठेवला आणि आत निघून गेली.