बरडाचा थांबा आणि भागीरथाबाई

भागीरथाबाई नाखले चालत्या एसटीपुढे आडवी पडली आणि म्हणून बरडाला थांबा मिळाला, असं सेलूपासून आंजीपर्यंत कोणीही शपथेवर सांगेल. सांगणाऱ्याने जितके चहा घेतले असतील तितक्या वेगाने गाडी येते. एका पट्ठ्याने तर पुढचं चाक तिच्या पदरावर आणून उभं केलं होतं. खरं एवढंच, की अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिची टोपली सडकेवर उपडी झाली, टमाटे चहूकडे घरंगळले आणि ते वेचायला ती वाकली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. शेवटचा टमाटा ओटीत येईपर्यंत बाईने मान वर केली नाही, आणि मग गाडी तिला तिथेच सोडून पुढे गेली, कारण तिथे थांबा नव्हता. आडवं पडायला तिला वेळ कुठे होता? टोपलीतली वांगी माना टाकायला लागली होती.

बरड म्हणजे हातभर मातीखाली नुसता मुरूम. टेकडीच्या पायथ्याची ही जमीन कोणालाच नको होती, म्हणूनच ती नाखल्यांच्या आणि आणखी अकरा घरांच्या वाट्याला आली. खालची काळी जमीन आधीच मालकांच्या नावावर होती. बारा घरांनी मुरूम फोडून विहिरी खणल्या आणि भाजीपाला लावला. पीक यायचं बेताचं, पण चवीला असं, की वर्ध्याच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, बाया नाक वर करून विचारायच्या, वांगी बरडाची आहेत ना? बहात्तरच्या दुष्काळात याच बारा घरांनी टेकडीची गिट्टी फोडून सेलूकडची सडक केली. भागीरथाबाईच्या हातावर त्या हातोडीचे घट्टे अजून आहेत. सडक झाली, तिच्यावरून लाल गाडी धावायला लागली, आणि फोडणाऱ्यांच्या तोंडावर धूळ उडवून निघून जायला लागली.

मग आले प्लॉटवाले. वर्ध्यातले कारकून आणि मास्तर लोक, टेकडीची हवा चांगली म्हणून. त्यांच्या वसाहतीचे सचिव प्रभाकरराव देशकर. माणूस सज्जन, इस्त्री कडक, फक्त बरड या नावाची त्यांना मनापासून लाज. मुलीच्या स्थळासाठी पत्र पाठवलं तर पाहुण्यांनी उलट विचारलं, तुमच्या गावाला पाणी तरी आहे का? तेव्हापासून त्यांनी पाटी रंगवून घेतली: गिरीनगर. आता जुन्या वस्तीच्या जिभेला गिरी काही वळेना. त्यांनी त्याचं गिरणीनगर केलं. ते नाव पार आंजीपर्यंत गेलं, आणि एका सोमवारी तिथले दोन जण ज्वारीची पोती बैलगाडीत घालून प्रभाकररावांच्या फाटकापुढे उभे राहिले. गिरणी कधी सुरू होते म्हणून विचारत होते. प्रभाकररावांनी त्यांना पाणी दिलं आणि त्या दिवशी ऑफिसला सुटी टाकली.

हसण्याचं सोडा, भागीरथाबाईवर मात्र वेळ आली होती. नत्थूजी, तिचा नवरा, सायकलला दोन टोपल्या बांधून भाजी वर्ध्याला न्यायचा. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो विहिरीच्या पायरीवरून घसरला आणि त्याचा गुडघा कायमचा अडला. तेव्हापासून टोपली तिच्या डोक्यावर. चार मैल चालून ती गुजरीत पोचायची तोवर चांगली गिऱ्हाइकं उठून गेलेली असायची. एक टोपली जायची तिथे दोन पिकून पडायच्या. प्लॉटवाल्यांना दुसऱ्या टप्प्यासाठी तिचे दोन एकर हवेच होते. नत्थूजी रोज जेवताना तोच विषय काढायचा: गाडी थांबत नाही, पाय चालत नाही, मग देऊन टाकू. ती भाकर वाढायची आणि विषय बदलायची. पण त्या पावसाळ्यात तिने वांग्याची रोपं निम्मीच टाकली, आणि हे नत्थूजीनेही पाहिलं.

थांब्यासाठी एसटीकडे अर्ज गेला. एक नाही, दोन गेले. जुन्या वस्तीचा अंगठ्यांनी भरलेला, थांब्याचं नाव बरड. वसाहतीचा टाइप केलेला, नाव गिरीनगर. वरून उत्तर आलं ते दोघांना एकच. थांबा एकच मिळेल आणि नाव एकच राहील. आठवडाभर सकाळची गाडी चाचणीसाठी उभी करू, आमचा माणूस मोजेल. कोणत्याही एका नावावर तीन दिवस पंचवीसच्या वर माणसं चढली, तर थांबा पक्का. नाहीतर फाइल बंद.

मोजायला आले मधुकरराव नावाचे तपासनीस. सडकेकाठच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. प्रत्येकाला एकच प्रश्न, गाव कोणतं? सोमवारी बरड चौदा, गिरीनगर तेरा. मंगळवारी तेरा आणि पंधरा. बुधवारी चौदा-चौदा. दोन्हीकडचे लोक एकाच गाडीत चढायचे, एकाच बाकावर बसायचे आणि वर्ध्यापर्यंत एकमेकांकडे पाठ करून जायचे. मधुकररावांनी वही मिटताना सांगितलं, उद्यापासून तिन्ही दिवस आकडा आला तरच. त्यांच्या आवाजावरून ते शनिवारी खुर्ची घेऊनच परत जाणार हे भागीरथाबाईला कळलं.

प्रभाकररावांशी बोलून काही व्हायचं नाही, हेही तिला ठाऊक होतं. त्या माणसाने पाटीच्या रंगाला चार रविवार घातले होते. तिने विचार केला, वसाहत चालवतं कोण? आणि बुधवारी दिवस कलल्यावर टोपली घेऊन ती त्यांच्या मागच्या दाराशी जाऊन बसली. कुसुमबाई, प्रभाकररावांची बायको, वाडगा घेऊन बाहेर आल्या. वांगी दाबून पाहिली, देठ पाहिलं आणि रोजच्या सवयीने विचारलं.

"मावशी, बरडाचीच आहेत ना?"

"नाई बाई," भागीरथाबाई म्हणाली. "गिरीनगरची हायेत."

कुसुमबाईंनी हातातलं वांगं टोपलीत परत ठेवलं. "मग नको. घरी यांना चालत नाही दुसरं."

भागीरथाबाईने टोपली जवळ ओढली. टोपलीतली वांगी एकेक करून सारखी लावत बसली. चार-पाच वांगी लागेपर्यंत कुसुमबाई तिथेच उभ्या होत्या, मग त्या दाराच्या चौकटीला टेकल्या आणि पदर तोंडावर घेऊन हसत सुटल्या. आत प्रभाकरराव रेडिओ ऐकत होते; त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, मांजर, म्हणून कुसुमबाईंनी सांगितलं.

मग भागीरथाबाईने टोपली बाजूला सारली आणि सरळ सांगितलं. थांबा नाही झाला तर शनिवारनंतर माझे दोन एकर प्लॉटात जातील. तुम्हाला शेजार मिळेल चांगला, पण वांगं खायला सेलूच्या बाजारात जावं लागेल. कुसुमबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी दोन शेर वांगी घेतली, आणि घरात न नेता तशीच वाडग्यात घेऊन शेजारच्या सुलोचनाबाईंकडे गेल्या. तिथून पुढच्या घरी. त्या संध्याकाळी गिरीनगरच्या प्रत्येक ओट्यावर वांग्यांचा वाडगा फिरला, आणि काय ठरलं ते एकाही पुरुषाला कळलं नाही.

गुरुवारी सकाळी निंबाखाली गर्दी बघून मधुकररावांनी चष्मा पुसला. गुजरीला जाणाऱ्या बाया, कॉलेजच्या पोरी, डबा घेतलेले मास्तर. कुसुमबाई पुढे झाल्या आणि मधुकररावांनी विचारायच्या आत म्हणाल्या, बरड. सुलोचनाबाई, बरड. त्यांच्या दोघी पोरी, बरड, बरड. मास्तर लोकांना घरून डबा देताना काय बजावलं होतं कोण जाणे, त्यांनीही खाली बघत तेच म्हटलं. रांगेच्या शेवटी प्रभाकरराव उभे. पुढून येणारा एकेक बरड त्यांच्या कॉलरवर थेंबासारखा पडत होता.

"आपलं गाव?" मधुकररावांनी विचारलं.

प्रभाकररावांनी गाडीच्या खिडकीत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती डबा मांडीवर घेऊन टेकडीकडे पाहत होती. "बरड," ते म्हणाले, आणि पाय पायरीवर ठेवता ठेवता हळूच, "म्हणजे, गिरीनगर."

मधुकरराव नियमाचे पक्के. दोन्ही लिहिलं. पहिलं तसंच, दुसरं कंसात.

गुरुवारी एकतीस, शुक्रवारी चौतीस. शनिवारी अडतीस झाले, कारण नत्थूजीसुद्धा काठी टेकत चढला आणि वर्ध्याला जाऊन फक्त चहा पिऊन आला. कंडक्टर भागीरथाबाईची टोपली टपावर चढवायला स्वतः शिडीवर गेला. त्या दिवशी ती गुजरीत सूर्य वर यायच्या आत पोचली आणि दहाच्या आत तिची टोपली रिकामी झाली. घरी येऊन तिने पहिलं काम केलं ते वाफे उकरायचं. उरलेली निम्मी रोपं त्याच संध्याकाळी लागली. प्लॉटवाल्यांचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा नत्थूजी ओट्यावर वांगी निवडत होता. त्याने त्याला त्यातली चार दिली आणि वाटेला लावलं. ते दोन एकर ब्याऐंशीतही हिरवे होते, आणि तोवर गाड्या दिवसाला सहा थांबायला लागल्या होत्या.

थांब्याचा लोखंडी फलक लागला तो अठ्ठ्याहत्तरच्याच दसऱ्याआधी. अख्खी वस्ती आणि अख्खी वसाहत जमली. फलक मधुकररावांच्या वहीबरहुकूम रंगवलेला: बरड (गिरीनगर). प्रभाकरराव नवी टोपी घालून आले होते आणि ज्याला त्याला दाखवत होते, की नाव शेवटी लागलं की नाही? जुन्या वस्तीतली तरणी पोरं चिडली. त्यांनी भागीरथाबाईला पुढे केलं, की तू बोल, ते खोडायला लाव. तिला अक्षर येत नव्हतं. ती फलकाखाली उभी राहून बराच वेळ वर पाहत होती. मग तिने प्रभाकररावांना विचारलं, की तुमच्या नावाच्या अलीकडे-पलीकडे हे दोन इळे काऊन काढले? प्रभाकररावांनी समजावून सांगितलं, की ते विळे नाहीत, कंस आहेत. मधलं नावही तितकंच मानाचं असतं.

भागीरथाबाई म्हणाली, "असन बाबूजी. पण दोन इळ्याईच्या मधात उभे आहा, जरा जपून राह्यजा."